घड्याळाला वेळ कोण सांगते?

रमजानच्या महिन्यात गावाला मिनिटाची किंमत कळते. एरवी पाच-दहा मिनिटे इकडची तिकडे झाली तरी कुणाचे फारसे बिघडत नाही. एसटी उशिरा येते, सभा उशिरा सुरू होते, लग्नाचा मुहूर्तही वरातीच्या नादात टळून जातो. पण पहाटेपासून पाण्याचा घोटही न घेतलेला रोजेदार मगरीबच्या वेळी हातात खजूर धरून बसतो, तेव्हा तो सेकंद मोजत असतो. वेळापत्रकात ६ वाजून ४५ मिनिटे छापलेली. घरातले भिंतीवरचे घड्याळ ४४ दाखवते, खिशातला मोबाइल ४५ आणि मशिदीच्या भिंतीवरच्या लाल आकड्यांच्या पाटीवर ४७ होऊन गेलेले. दस्तरख्वानाभोवतीची मुले विचारतात, खरे कुणाचे?

हा प्रश्न फक्त रोजेदारांचा नाही. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ दिनदर्शिकेत पाहून ताट वाढायला घेणाऱ्या घरातही तो असतो. रेल्वेच्या तत्काळ तिकिटासाठी सकाळी दहाच्या ठोक्याला माउसवर बोट ठेवून बसलेल्यालाही असतो. छापलेल्या वेळेचे गणित तंतोतंत असते. अडते ते ती वेळ पाहण्याच्या घड्याळापाशी.

गणिताचे थोडक्यात सांगायचे तर ते जुने आणि पक्के आहे. पृथ्वी एक रेखांश चार मिनिटांत फिरते. मुंबई आणि नागपूर यांच्यात सव्वासहा रेखांशांचे अंतर आहे, म्हणून नागपूरचा इफ्तार मुंबईच्या साधारण पंचवीस मिनिटे आधी होतो आणि सोलापूरचा बारा मिनिटे आधी. वेळापत्रकाच्या तळाशी अमुक शहरासाठी इतकी मिनिटे कमी करा, असे लिहिलेले असते ते यामुळेच. मोबाइलवरची नमाजची अॅप तर अक्षांश-रेखांश घेऊन हे क्षणात करतात. मग एवढे मिनिटापर्यंतचे काटेकोर उत्तर ज्या यंत्रावर दिसते, त्या यंत्राला आत्ता किती वाजले हे कुठून कळते?

साध्या संगणकात दोन घड्याळे असतात. एक संगणक बंद असतानाही चालते. रुपयाच्या नाण्याएवढी एक चपटी बॅटरी ते जिवंत ठेवते. दुसरे संगणक चालू असताना चालते. दोन्हींच्या पोटात क्वार्ट्झचा, म्हणजे गारेच्या जातीचा, एक छोटा स्फटिक असतो. विजेने तो थरथरतो आणि ती थरथर मोजून सेकंद ठरतो. मनगटी घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. ऐकायला हे अचूक वाटते आणि स्वस्तातल्या वस्तूच्या मानाने ते आहेही. पण हा स्फटिक दहा लाखांत वीस इतका जरी चुकला, तरी दिवसाला पावणेदोन सेकंदांचा फरक पडतो, महिन्याला सुमारे पन्नास सेकंदांचा. हिजरी वर्ष ३५४ दिवसांचे. म्हणजे गेल्या रमजानच्या चांदरातीला कुणी हौसेने बरोबर लावलेले घड्याळ या चांदरातीपर्यंत दहा मिनिटांनी चुकलेले असू शकते, आणि मधल्या काळात त्याच्याकडे कुणी बघितलेले नसते.

त्यात आपला उन्हाळा. घड्याळातला हा स्फटिक साधारण २५ अंश तापमानाला उत्तम चालतो. त्याहून गरम झाला काय किंवा थंड झाला काय, मागेच पडतो. पत्र्याच्या छपराखाली पारा ४५ अंशांवर गेला की एवढ्यानेच दिवसाला एक सेकंदाहून अधिक वेळ हरवतो. मशिदीतली अनेक डिजिटल पाट्यांची घड्याळे कशालाही जोडलेली नसतात, आपल्या स्फटिकावर एकटीच चालतात. दोन मोहल्ल्यांच्या अजानमध्ये मिनिटभराचे अंतर पडले की लोक मसलकचा किंवा वेळापत्रकाचा वाद काढून बसतात. पुष्कळदा दोष त्या बिचाऱ्या स्फटिकाचा असतो.

जुनी माणसे यावर एक उपाय करीत. आकाशवाणीच्या बातम्यांआधी पिप-पिप वाजले की मनगटावरचे घड्याळ लावून घेत. नगरपालिकेचा भोंगा वाजला की दुकानातला लंबक पुढेमागे सरकवीत. आज संगणक जे करतात ते तत्त्वतः तेच. फक्त ते रोज अनेकदा, कुणाला न सांगता आणि सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत करतात. त्या व्यवस्थेचे नाव नेटवर्क टाइम प्रोटोकॉल, म्हणजे एनटीपी.

ती ज्यांनी उभी केली ते डेव्हिड मिल्स १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे जन्मले. जन्मतःच त्यांना काचबिंदू होता. लहानपणी शस्त्रक्रियेने थोडी दृष्टी वाचली, तीही उतारवयात गेली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, इंटरनेटची आई म्हणावी अशा अर्पानेट या जाळ्यावर ते काम करत होते. जाळ्यातल्या एका यंत्राची नोंद म्हणते संदेश दहाला निघाला, दुसऱ्याची नोंद म्हणते तो नऊ एकोणसाठला पोचला. निघण्याआधी पोचलेला संदेश! अशा नोंदींवरून बिघाड शोधायचा कसा? मिल्स त्या घड्याळांच्या मागे लागले आणि जवळपास उरलेले सगळे आयुष्य मागे लागूनच राहिले. एनटीपीची पहिली अधिकृत मांडणी १९८५ ची. पुढच्या वर्षी ते डेलावेअर विद्यापीठात गेले आणि तिथून आवृत्त्यांमागून आवृत्त्या काढत राहिले. सध्याच्या चौथ्या आवृत्तीची मांडणी २०१० मध्ये आली. जानेवारी २०२४ मध्ये ते गेले. घड्याळ डोळ्यांनी पाहता न येणाऱ्या या माणसाने जगभरच्या यंत्रांना वेळ पाहायला शिकवले, ही गोष्ट संगणकाच्या वर्तुळाबाहेर फार कमी लोकांना ठाऊक आहे.

वेळ विचारण्यात अवघड ते काय, असे कुणालाही वाटेल. अवघड हे, की उत्तर येईपर्यंत ते शिळे होते. समजा घरातल्या घड्याळाचा भरवसा नाही, म्हणून मुलाला स्टेशनवरचे घड्याळ पाहायला पाठवले. तो निघाला तेव्हा घरात बरोबर पाच. स्टेशनवर पोचला तेव्हा तिथले घड्याळ ५ वाजून १४ मिनिटे. मिनिटभर तो तिथे रेंगाळला आणि सव्वापाचला निघाला. घरी आला तेव्हा घरातल्या घड्याळात ५ वाजून २१ मिनिटे. आता घरचे घड्याळ किती चुकते आहे? मुलगा एकूण २१ मिनिटे बाहेर होता, त्यातले एक मिनिट स्टेशनवर गेले, म्हणजे चालण्यात वीस. जाताना दहा, येताना दहा. घरातून पाचला निघालेला मुलगा घरच्या वेळेने ५ वाजून १० मिनिटांनी स्टेशनवर असणार. तिथे तर १४ झाले होते. घरचे घड्याळ चार मिनिटे मागे आहे.

एनटीपी हेच करते. चार वेळा नोंदवते: प्रश्न निघाला कधी, पोचला कधी, उत्तर निघाले कधी, पोचले कधी. त्या चारांवरून वाटेतला उशीर वेगळा काढते आणि उरलेला फरक ही घड्याळाची चूक मानते. मेख एकच. जाण्याची आणि येण्याची वाट सारखी धरलेली आहे. मुलगा जाताना उतारावरून गेला आणि येताना चढ चढून दमला, तर हिशेब बिघडतो. इंटरनेटच्या वाटाही अशाच असतात; एका दिशेने मोकळ्या, दुसऱ्या दिशेने तुंबलेल्या. म्हणून एनटीपी एकदाच विचारून थांबत नाही. पुन्हा पुन्हा विचारते आणि ज्या फेरीला सर्वांत कमी वेळ लागला तिच्यावर जास्त विश्वास ठेवते, कारण त्या वेळी वाट मोकळी असणार.

एकाच ठिकाणीही विचारत नाही. चार-पाच सर्व्हरांना विचारते, उत्तरे पडताळून पाहते आणि बाकीच्यांशी न जुळणाऱ्याला बाजूला काढते. मिल्स यांच्या शब्दसंग्रहात अशा सर्व्हरला 'फॉल्सटिकर' म्हणतात, खोटी टिकटिक करणारा. ईदच्या चांदाचा निर्णय ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. शव्वालचा चांद दिसल्याची एकट्याची ग्वाही पुरत नाही. किमान दोघांची लागते आणि आकाश निरभ्र असेल तर मोठ्या जमावाची. तेवढ्या स्वच्छ आकाशात एकट्यालाच कसा दिसला, हा साधा प्रश्न त्यामागे आहे.

चूक कळली की घड्याळ फटकन सरकवावे, असे माणसाला वाटते. संगणकात ते धोक्याचे आहे. घड्याळ चार सेकंद मागे ओढले की तेच चार सेकंद दुसऱ्यांदा येतात. बँकेच्या नोंदवहीत आधीचा व्यवहार नंतरचा दिसू लागतो. म्हणून फरक बारीक असेल तर एनटीपीचे मूळ सॉफ्टवेअर घड्याळाची चाल किंचित बदलते. मागे असेल तर जरा भरभर चालवते, पुढे असेल तर जरा रेंगाळवते, पण उलटे फिरवत नाही. तेही फार बेताने, दहा लाखांत पाचशेपेक्षा जास्त नाही. या गतीने एक सेकंद भरून काढायला तेहतीस मिनिटे लागतात. फरक १२८ मिलीसेकंदांहून मोठा असेल, म्हणजे सेकंदाच्या आठव्या भागाहून जास्त, आणि तो टिकून राहिला, तरच ते उडी मारून वेळ जुळवते. आणि फरक १,००० सेकंदांच्या, म्हणजे जवळपास सतरा मिनिटांच्या, पलीकडे गेला तर ते हात वर करून बंदच पडते. इतकी मोठी चूक असेल तर एक तर हे घड्याळ बिघडले आहे किंवा ते तरी. माणसाने येऊन पाहावे. यंत्राकडे असलेला हा समजूतदारपणा वाखाणण्यासारखा आहे.

मग शेवटी विचारायचे कुणाला? इथे एक उतरंड आहे. सर्वांत वर अणुघड्याळे. सीझियमच्या अणूची ९,१९,२६,३१,७७० आवर्तने म्हणजे एक सेकंद, अशी १९६७ पासून सेकंदाची व्याख्या आहे. अणुघड्याळाला किंवा त्याच्यावर चालणाऱ्या उपग्रहाच्या संदेशाला थेट जोडलेला सर्व्हर पहिल्या पायरीवर, त्याला विचारणारा दुसऱ्या, त्याला विचारणारा तिसऱ्या. असे पंधराव्या पायरीपर्यंत चालते. सोळावी पायरी म्हणजे ज्याचे घड्याळ कुणाशीच जुळलेले नाही तो. भारताची वेळ नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत राखली जाते. देशातल्या कंपन्या, डेटा सेंटर आणि सरकारी कार्यालयांनी आपल्या यंत्रांची घड्याळे या प्रयोगशाळेच्या किंवा एनआयसीच्या वेळसर्व्हरशी, नाहीतर त्यांच्यापर्यंत माग काढता येईल अशा सर्व्हरशी जुळवावीत, असा आदेश सायबर सुरक्षेचे काम पाहणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढला. सायबर गुन्ह्याच्या तपासात पाच यंत्रांच्या नोंदी शेजारी ठेवायच्या आणि पाचांच्या वेळा वेगळ्या, अशी गत होऊ नये म्हणून.

सगळ्या देशाने एक वेळ मानावी, हेही आपल्याकडे सुखासुखी घडलेले नाही. १ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची भारतीय प्रमाणवेळ आली, तेव्हा मुंबई तिच्या विरोधात उभी राहिली. मुंबईची स्वतःची वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती आणि ती स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे शहरात चालत राहिली. त्या काळातल्या रोजेदाराला इफ्तारची वेळ विचारली तर 'कोणत्या घड्याळाने?' हा प्रतिप्रश्न करावा लागत असणार.

उतरंडीच्या खालच्या पायऱ्यांवर आहेत घराघरांतले संगणक, आणि ते सगळे एकाच विहिरीवर आले तर काय होते ते २००३ मध्ये दिसले. एका कंपनीच्या लाखो घरगुती राउटरांमध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या एकाच वेळसर्व्हरचा पत्ता कायमचा कोरून ठेवलेला निघाला. उत्तर मिळाले नाही की ते दर सेकंदाला पुन्हा विचारत. विद्यापीठाच्या जाळ्यावर प्रश्नांचा पूर लोटला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला एक वेगळी सोय उभी राहिली होती: एनटीपी पूल. ज्यांच्याकडे नीट चालणारा वेळसर्व्हर आहे त्यांनी तो स्वखुशीने सर्वांसाठी खुला करायचा आणि विचारणाऱ्यांना आळीपाळीने त्या हजारो सर्व्हरांकडे वळवायचे. उन्हाळ्यात चौकाचौकांत पाणपोया लागतात तशीच ही सोय. पिणाऱ्याला रांजण कुणी भरला हे ठाऊक नसते आणि भरणाराही विचारत नाही.

हे सगळे तयार असताना गावातल्या संगणकाची वेळ चुकते ती मुख्यतः दोन कारणांनी. पहिले कारण ती चपटी बॅटरी. ती संपली की संगणक दर वेळी सुरू होताना काही वर्षे मागे जातो. मग बँकेचे संकेतस्थळ उघडत नाही, 'जोडणी सुरक्षित नाही' असे लाल अक्षरांत येते आणि घरातले लोक व्हायरस आला म्हणून घाबरतात. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाकडे अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत चालणारे प्रमाणपत्र असते. संगणकाच्या मते अजून ती तारीखच उजाडलेली नसते. दर तीस सेकंदांनी बदलणारे सहा आकडी कोड देणारी अॅपही अशाच चुकीमुळे 'कोड चुकीचा' म्हणून दार लावून घेतात.

दुसरे कारण टाइम झोन. घड्याळाची जुळवणी बरोबर होते, पण यंत्राला आपण कोणत्या देशात आहोत हेच चुकीचे सांगितलेले असते. सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमध्ये चीनची वेळ तशीच राहून गेली तर नोंद अडीच तास पुढची पडते. याकडे हसून पाहता येत नाही. गावात काही बरेवाईट घडले की पोलीस प्रथम आजूबाजूच्या दुकानांचे कॅमेरे तपासतात. तरावीहची नमाज संपवून साडेदहाला घरी परतणारा मुलगा एका कॅमेऱ्यात साडेदहाचा दिसतो आणि दुसऱ्यात रात्री एकचा. रात्री एकला तो रस्त्यावर काय करत होता, याचे उत्तर त्याला देता येणार नाही, कारण तो तेव्हा झोपलेला होता. घड्याळाची चूक नंतर सिद्ध करता येते, पण तोवर तो मुलगा कुठे बसलेला असेल याचा विचार दुकानदाराने रेकॉर्डर लावतानाच केलेला बरा.

प्रत्येक मशिदीत वेळ पाहायला जाणकार माणूस हवा, ही जाणीव नवी नाही. दमास्कसच्या उमय्या मशिदीत चौदाव्या शतकात इब्न अश-शातिर हे मुवक्कित, म्हणजे वेळ राखणारे अधिकारी होते. ते आपल्या काळातले मोठे खगोलशास्त्रज्ञ. सूर्याच्या सावलीवरून वेळ सांगणारी एक मोठी शिळा १३७१-७२ च्या सुमारास त्यांनी मशिदीच्या मिनारासाठी घडवली. त्याच शहरातल्या अल-खलिली या मुवक्कितांनी नमाजच्या वेळांची लांबलचक कोष्टके तयार केली. आज कोष्टकाचे काम अॅप करते आणि सावलीचे काम एनटीपी. पण पाटीवरची वेळ बरोबर आहे का हे आठवड्यातून एकदा उठून पाहण्याचे काम कुणाकडेच राहिलेले नाही.

ते काम पाच मिनिटांचे आहे. विंडोज संगणकात सेटिंग्जमधल्या 'टाइम अँड लँग्वेज' या भागात 'डेट अँड टाइम' उघडावे. 'सेट टाइम ऑटोमॅटिकली' चालू आहे का पाहावे, टाइम झोनमध्ये चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली अशी ओळ आहे याची खात्री करावी आणि 'सिंक नाऊ' दाबावे. जुन्या विंडोजमध्ये ही जुळवणी आठवड्यातून एकदाच होते, म्हणून मशिदीच्या किंवा मंडळाच्या कचेरीतला जुना संगणक असेल तर हाताने दाबलेले बरे. लिनक्सवर क्रोनी नावाचे सॉफ्टवेअर हे काम चोख करते. मधूनमधून बंद होणाऱ्या आणि इंटरनेट ये-जा करणाऱ्या यंत्रांसाठी ते विशेष चांगले. सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमध्ये तारीख-वेळेच्या पानावर एनटीपीचा रकाना शोधावा. तिथे सर्व्हरचा पत्ता भरला की झाले, मात्र रेकॉर्डर इंटरनेटला जोडलेला हवा. मोबाइलमध्ये 'ऑटोमॅटिक डेट अँड टाइम' चालू ठेवले की पुरते. ज्या पाटीला कशालाच जोडता येत नाही, ती दर जुम्याला अशा मोबाइलवरून लावून घ्यावी.

आणि संगणक सुरू होताना तारीख दर वेळी मागे जात असेल, तर सॉफ्टवेअरशी झटण्यात अर्थ नाही. त्या चपट्या बॅटरीवर सीआर २०३२ असा क्रमांक असतो. घड्याळजीच्या दुकानातही ती मिळते.